तांत्रिक दोष, फौजदारी अपिलातील

खटला चालवताना फौजदारी प्रक्रिया संहितेने घालून दिलेली रीत मोडली गेली, तर तेवढ्यावरून शिक्षा रद्द व्हावी की आरोपीचे त्यामुळे खरोखर नुकसान झाले का हे पाहावे, यासंबंधीचा अपील न्यायालयांपुढील प्रश्न. दोषारोपातील चुका, अनेक गुन्ह्यांची एकत्र चौकशी, साक्षीपुराव्यावर आरोपीला नीट प्रश्न न विचारणे हे दोष वारंवार पुढे येतात.

असे दोष पोटात घालणाऱ्या तरतुदीचे मूळ सामान्यतः १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेपर्यंत नेले जाते. १८८२ व १८९८ च्या संहितांत ती कलम ५३७ होती, १९७३ च्या संहितेत ४६५ झाली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ५११ आहे. तिचा अर्थ मात्र स्थिर नव्हता. सुब्रह्मण्य अय्यर खटल्यात (१९०१) दोन वर्षांतील ४१ कृत्यांचा एकच दोषारोप ठेवला होता. संहितेला एका वर्षातील तीनच गुन्हे एकत्र चालत. प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालय) ही साधी अनियमितता नसून अवैधता आहे असे म्हणून शिक्षा रद्द केली. अब्दुल रहमान खटल्यात (१९२७) साक्षीदारांना त्यांच्या जबान्या विहित रीतीने वाचून दाखवल्या नव्हत्या, तरी शिक्षा टिकली. अवैधता आणि अनियमितता यांतील फरक जातीचा नसून प्रमाणाचा आहे, असे पुलुकुरी कोटय्या प्रकरणात (१९४७) म्हटले गेले. १९५५ च्या दुरुस्तीने दोषारोपांची गैर सरमिसळही कलम ५३७ च्या कक्षेत आली. काही भाष्यकार अजूनही अवैधता आणि अनियमितता हे दोन कप्पे वेगळे ठेवतात. त्याच वर्षीच्या विली स्लेनी निकालातील कसोटी अधिक ग्राह्य दिसते : आपल्यावर आरोप कशाचा आहे हे आरोपीला कळले होते का, आणि बचावाची पुरेशी संधी मिळाली का? अधिकार नसलेल्या दंडाधिकाऱ्याने चालवलेला खटला मात्र मुळातच रद्दबातल ठरतो. अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ५० खाली राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोरच झडती व्हावी हा आरोपीचा हक्क त्याला सांगणे बंधनकारक आहे (बलदेवसिंग, १९९९).

सोलापुरात ही कसोटी भाषेपाशी येऊन भिडते. जिल्ह्यातील कनिष्ठ न्यायालयांचे काम मराठीत चालते. शहरात पद्मशाली विणकरांच्या वस्त्यांत तेलुगू, अनेक घरांत कन्नड आणि दखनी उर्दू बोलली जाते. आरोपीला न कळणाऱ्या भाषेतील पुरावा त्याला उघड न्यायालयात समजावून सांगावा, असे १९७३ च्या संहितेचे कलम २७९ सांगत असे. कलम ३१३ खाली (आता ३५१) न्यायालय पुराव्याबद्दल आरोपीचा जो जबाब घेते, त्यात खरी परीक्षा होते. ‘सर्व साक्षीदार तुमच्याविरुद्ध बोलले, काय म्हणायचे आहे?’ एवढाच प्रश्न विचारला आणि ‘खोटे आहे’ एवढेच उत्तर टिपले गेले, तर मुद्देमालाच्या जप्तीविषयी किंवा पंचनाम्याविषयी त्याचे म्हणणे नोंदीत येतच नाही. सर्वोच्च न्यायालयाने नरसिंग प्रकरणात (२०१५) यावर उपाय सांगितले : अपील न्यायालयाने वकिलामार्फत खुलासा घ्यावा किंवा खटला त्या टप्प्यापासून परत पाठवावा. सरसकट सुटका आणि सरसकट दुर्लक्ष, या दोहोंपेक्षा हे न्याय्य वाटते; मात्र आरोपीने आधीच वर्षानुवर्षे तुरुंगवास भोगला असेल तर परत पाठवणे हीच नवी शिक्षा ठरते, याचाही विचार हवा.

हरकत वेळीच घेता आली असती का, हेही कलम ४६५ (आता ५११) पाहायला लावते. हा भाग सर्वांत बोचरा आहे. ज्याला वकील शेवटच्या क्षणी सरकारी खर्चाने मिळाला, त्याच्या मौनाला संमती मानणे अवघड आहे. वकील गैरहजर म्हणून फौजदारी अपील गुणदोष न पाहता फेटाळता येत नाही, हे बानी सिंग निकालाने (१९९६) पक्के केले आहे.

१९३० च्या सोलापुरातील लष्करी कायद्याखालील शिक्षांचा प्रश्न चनप्पा शांतिरप्पा विरुद्ध सम्राट (१९३१) या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयापुढे आला होता. सत्र न्यायालयाने दिलेल्या शिक्षांविरुद्धची अपिले आजही उच्च न्यायालयातच जातात. मात्र १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचच्या (फिरत्या खंडपीठाच्या) कक्षेत सोलापूर जिल्हा येतो, त्यामुळे पक्षकारांचा मुंबईचा सुमारे ४०० किलोमीटरचा प्रवास टळला आहे.