पायी जाताना गाडीची धडक बसली तर

धडक बसल्यावर लोक उठतात, कपडे झटकतात आणि "मला काही झालं नाही" म्हणून निघून जातात. हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. अशा वेळी ॲड्रेनॅलिनमुळे वेदना दबलेली असते आणि काही दुखापती उशिरा उघड होतात. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, गुंगी आली किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली, तर तो मेंदूभोवतीचा रक्तस्राव असू शकतो. पोटाला मार लागून डावा खांदा दुखू लागला, तर प्लीहेला (पोटात डावीकडे, बरगड्यांखाली असलेल्या अवयवाला) इजा झालेली असू शकते. दोन्हींत थेट रुग्णालय गाठा.

तिथे केसपेपरवर काय लिहिलं जातं, ते वाचा. "पडल्यामुळे दुखापत" एवढंच लिहिलं असेल, तर पुढे गाडीची विमा कंपनी विचारणारच, की गाडीचा संबंध कुठे आला? कोणत्या बाजूने आणि शरीरावर कुठे धडक बसली, हे लिहून घ्या. बंपर बहुतेक वेळा गुडघ्याच्या आसपास लागतो, म्हणून गुडघा किरकोळ वाटला तरी तपासून घ्या.

जागेवरचा पुरावा फार लवकर नाहीसा होतो. गाडीचा क्रमांक टिपला की आधी लांबून चारही बाजूंचे फोटो काढा, मग जवळून काचा, तुटलेली चप्पल, झेब्रा पट्टे, सिग्नल आणि दिव्याचा खांब यांचे. पदपथ अडवला गेल्यामुळे रस्त्यावर उतरावं लागलं असेल, तर त्या अडथळ्याचा फोटो आधी घ्या. टायरचे काळे पट्टे दिसले नाहीत, म्हणून गाडी हळू होती असं समजू नका. चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएस ब्रेकमुळे ते अनेकदा पुसट उमटतात किंवा उमटतच नाहीत.

"अचानक समोर आले" हा चालकाचा नेहमीचा बचाव. त्याला उत्तर अंतरात असतं. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते. साडेतीन मीटरची एक मार्गिका सामान्य चालीने ओलांडायला साधारण ३ सेकंद लागतात, तेवढ्यात ती गाडी ४० मीटरच्या आसपास कापते. म्हणजे तुम्ही एक मार्गिका ओलांडून पुढे आला होतात आणि दृष्टी अडलेली नव्हती, तर चालकाला तुम्ही तेवढ्या लांबूनच दिसायला हवे होतात. म्हणून रस्त्याच्या कडेपासून धडकेच्या जागेपर्यंतचं अंतर टेपने मोजून ठेवा. टेप नसेल तर पावलांनी मोजा.

सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांतच पुसलं जाऊन त्यावर नवं चढतं. त्याच दिवशी जवळच्या दुकानाला किंवा सोसायटीला तारीख, वेळ आणि दिशा लिहून अर्ज द्या, पोच घ्या. कॅमेऱ्याचं घड्याळ किती पुढे-मागे आहे तेही टिपा. अंगावरचे कपडे धुऊ नका. त्यांवर गाडीचा रंग लागलेला असू शकतो. वाळवून कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये ते कुबट होतात. साक्षीदारांचे नाव आणि फोन घ्या.

चालक पळून गेला तरी पोलिसांत तक्रार लगेच द्या. अनोळखी गाडीच्या अपघातासाठी बऱ्याच देशांत वेगळी भरपाई असते, पण तक्रार वेळेत झालेली असावी लागते.

विमा कंपनीचा फोन आल्यास तारीख, ठिकाण आणि गाडीचा क्रमांक, इतकंच सांगा. जबाब ध्वनिमुद्रित करायला नकार देता येतो. "माझीही थोडी चूक होती" असं अदबीने म्हटलेलं वाक्य भरपाई कापायला वापरलं जातं. बऱ्याच ठिकाणी जितका दोष तुमच्याकडे, तितकी रक्कम कमी होते.

"पूर्ण व अंतिम" लिहिलेल्या पावतीवर घाईत सही करू नका. सही झाल्यावर पुढची शस्त्रक्रिया बहुधा स्वतःच्या खिशातून होते. प्रकृतीत आता आणखी फरक पडणार नाही, असं डॉक्टरांनी सांगेपर्यंत थांबा. मात्र दाव्याची मुदत या काळातही चालूच असते. ती देशागणिक वेगळी असते आणि सरकारी वाहन असल्यास कधी कधी बरीच कमी. ती वकिलाच्या पहिल्याच भेटीत तपासून घ्या.

आमच्याकडे, म्हणजे भरपाईचे दावे चालवणाऱ्या वकिलांकडे, येताना केसपेपर, तक्रारीची प्रत, मूळ फोटो, बुडालेल्या पगाराचा पुरावा आणि येण्या-जाण्याच्या खर्चासह सगळ्या पावत्या आणा. फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवू नका, त्यातली वेळेची नोंद निघून जाते.