माराकाइबोची वंशावळ आणि वेक्सलरबाई

१९६८ साली लॉस एंजेलिसमध्ये लिओनोर वेक्सलर सकाळी रस्ता ओलांडत होत्या. त्यांची चाल पाहून पोलिसाने हटकलं, सकाळी सकाळी दारू प्यायलात का? तपासणीत हंटिंग्टनचा आजार निघाला, मेंदू हळूहळू निकामी करणारा आनुवंशिक रोग. वडील आणि तिन्ही भाऊ त्यानेच गेले होते. लिओनोर यांच्या दोन्ही मुलींना तो होण्याची शक्यता पन्नास टक्के होती.

जॉर्ज हंटिंग्टन या तरुण डॉक्टरने १८७२ मध्येच या आजाराचं नेमकं वर्णन केलं होतं, तेही आजोबा आणि वडिलांनी लाँग आयलंडवर पाहिलेल्या घराण्यांच्या आधारे. पुढे शंभर वर्षं फारसं काही हललं नाही. व्हेनेझुएलात अमेरिको नेग्रेते या डॉक्टरने १९५०च्या दशकात माराकाइबो सरोवराकाठी असे रुग्ण मोठ्या संख्येने असल्याचं दाखवलं. लिओनोर यांची धाकटी मुलगी नॅन्सी, पेशाने मानसशास्त्रज्ञ, १९७९ मध्ये तिथे पोचली आणि १९८१ पासून दरवर्षी रक्ताचे नमुने घ्यायला पथक घेऊन जाऊ लागली.

कोळ्यांच्या त्या वस्त्यांत आजाराचं नाव होतं ‘एल माल’. गोऱ्या परक्यांना रक्त द्यायचं कशाला, हा लोकांचा प्रश्न रास्तच होता. हा रोग अमेरिकेतही असतो हेच त्यांना पटेना. तेव्हा पथकातल्या एका नर्सने नॅन्सी वेक्सलरबाईंचा दंड धरून सगळ्यांना दाखवला. त्यावर संशोधनासाठी काढून दिलेल्या कातडीचा बारीक व्रण होता. नर्स म्हणाली, हिच्या आईलाही हेच होतं, हिनेही दिलंय. मग हात पुढे येऊ लागले. पुढे चार हजारांवर लोकांचं रक्त मिळालं आणि वंशावळीत अठरा हजारांवर नावं चढली. माझ्या मते हे काम नुसत्या पदवीच्या जोरावर झालं नसतं.

१९८३ मध्ये जनुकशास्त्रज्ञ जेम्स गुसेला यांच्या गटाला या नमुन्यांतून आजाराच्या जनुकाचा माग देणारी चौथ्या गुणसूत्रावरची खूण सापडली. प्रत्यक्ष जनुक हाती यायला १९९३ उजाडलं. ५८ शास्त्रज्ञ राबले. औषध मात्र आलं नाही, आधी आली ती चाचणी. लक्षणं दिसण्याआधीच निकाल सांगणारी.

इथे नॅन्सीबाईंचीच पंचाईत झाली. जिथे जातील तिथे एकच विचारणा: तुम्ही केली का? त्या सांगत नसत, कारण आपलं पाहून दुसऱ्या कुणी ठरवू नये. माराकाइबोत १९९९ मध्ये रुग्णांसाठी ‘कासा होगार’ हे शुश्रूषागृह सुरू झालं, तरी त्या गप्पच होत्या. चालताना तोल जाणं लपेनासं झालं तेव्हा, २०२० मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी आजार आपल्यालाही असल्याचं जाहीर केलं.