मागे पडणारा रोटर आणि १४.९० पौंडांचं तिकीट

विमानाशी स्पर्धा करायची तर रेल्वेला निदान विमानाच्या आसपास पोचणारा वेग हवा, हे आपण न तपासताच धरून चालतो. त्यामुळे ‘विमानाला पर्याय ठरणारी रेल्वे’ असं कुठे वाचलं की डोळ्यांपुढे लांब नाकाडाची बुलेट ट्रेन आणि उंच खांबांवरचा नवाकोरा मार्ग उभा राहतो. ब्रिटनमध्ये २५ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘लुमो’ या सेवेत यातलं काहीच नाही. लंडनच्या किंग्ज क्रॉसपासून एडिनबरापर्यंतचे ६३२ किलोमीटर ती साधारण साडेचार तासांत कापते. कमाल वेग ताशी २०० किलोमीटर. रूळ ईस्ट कोस्ट मेन लाइनचे, म्हणजे मार्ग एकोणिसाव्या शतकातला. विजेची तार एडिनबरापर्यंत पोचली १९९१ मध्ये. गाडीला डबे पाच आणि वर्ग एकच. सुरुवातीची तिकिटं १४.९० पौंडांपासून होती. विमान हेच अंतर सव्वा तासात उडतं. विमानतळावर जाण्यायेण्याचा आणि तपासणीच्या रांगेचा वेळ धरला तरी ही गाडी विमानापेक्षा फार वेगवान म्हणता येत नाही.

तरीही ती स्पर्धेत आहे. का, ते समजायला आधी ऊर्जा कुठे खर्च होते ते बघू.

पोलादी चाक पोलादी रुळाला जेमतेम एका लहान नाण्याएवढ्या जागेत टेकतं आणि तिथे जवळजवळ दबतच नाही. त्यामुळे गाडी नुसती घरंगळत ठेवायला लागणारं बल तिच्या वजनाच्या हजारांश ते दोन हजारांश भरतं. रबरी टायरला याच्या पाच-दहापट बल लागतं. ताशी २०० च्या वेगाला खरा विरोध हवेचा असतो, पण गाडी लांब आणि सडपातळ असल्याने हवा फाडण्याचं काम पहिला डबा करतो आणि उरलेले चार बऱ्यापैकी त्याच्या आडोशाने जातात. विमानाला हवा नुसती फाडून भागत नाही. स्वतःचं वजन तोलून धरायला त्याला क्षणोक्षणी हवा खाली ढकलावी लागते. शिवाय साठ टनांचं विमान दहा किलोमीटर उंच चढवायला, नुसतं गुरुत्वाकर्षणाविरुद्धचं काम मोजलं तरी, सोळाशे युनिटं लागतात. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलावरचंच, एक किलोवॉट-तास. जेट इंजिन इंधनातल्या ऊर्जेपैकी तिसऱ्या हिश्शाच्या आसपासच कामाला लावतं, म्हणजे टाकीतून जाणारी ऊर्जा याच्या तिप्पट. उतरताना विमान इंजिनं मंद ठेवून तरंगत येतं आणि त्या उंचीचा थोडा मोबदला वसूल करतं, हे खरं. पण टाकीत एक थेंबही परत जात नाही.

रेल्वेत मात्र तो परत जातो, आणि ज्या यंत्रामुळे जातो ते मला फार आवडतं. पाचपैकी मधल्या तीन डब्यांच्या खाली, आसांना जोडलेल्या अशा बारा मोटारी आहेत.

ही इंडक्शन मोटार. तिचा बाहेरचा स्थिर भाग म्हणजे स्टेटर. त्यात तांब्याच्या तारांची वेटोळी तीन संचांत बसवलेली असतात. तिन्ही संचांना एकामागून एक चढउतरणारे प्रवाह दिले की आतल्या पोकळीत चुंबकीय क्षेत्र गोल फिरू लागतं. लोखंड आणि तांबं जागच्या जागी, फिरतं ते फक्त क्षेत्र. पोकळीत असतो रोटर: लोखंडी नळकांडं, त्यात बसवलेल्या तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या कांबी आणि त्या दोन्ही टोकांना जोडणारी कडी. पिंजराच म्हणा. या पिंजऱ्याला बाहेरून एकही तार जोडलेली नसते. घासून झिजणारे कार्बन ब्रश नसतात, ठिणग्या नसतात.

मग तो फिरतो कसा? फिरतं क्षेत्र कांबींवरून सरकतं तेव्हा, शाळेत शिकलेल्या फॅरेडेच्या नियमाप्रमाणे, कांबींत प्रवाह निर्माण होतो. प्रवाह वाहणाऱ्या कांबीवर चुंबकीय क्षेत्र बल लावतं आणि रोटर क्षेत्राच्या मागोमाग फिरू लागतो. समजा त्याने क्षेत्राला गाठलं, तर कांबींवरून काही सरकणारच नाही. प्रवाह शून्य, बल शून्य. म्हणून ओढ हवी असेल तर रोटरने किंचित मागे राहिलंच पाहिजे. या मागे राहण्याला स्लिप म्हणतात.

आकड्यांत बघू. चार ध्रुवांच्या मोटारीला सेकंदाला १०० आवर्तनांचा पुरवठा दिला तर क्षेत्र मिनिटाला ३,००० फेरे घेतं. रोटर घेतो, उदाहरणार्थ, २,९७०. तीस फेऱ्यांची, म्हणजे एक टक्क्याची स्लिप. सव्वादोनशे टनांची गाडी या एक टक्क्यावर ओढली जाते.

आता चालकाला वेग कमी करायचा आहे. मोटारीला वीज पुरवणारं इन्व्हर्टर नावाचं इलेक्ट्रॉनिक यंत्र आवर्तनं १०० वरून ९८ वर आणतं. क्षेत्र लगेच २,९४० फेऱ्यांवर येतं. गाडी जड असल्याने रोटर अजून २,९७० वरच आहे. म्हणजे कालपर्यंत मागे पडणारा रोटर आता क्षेत्राच्या पुढे गेला. कांबींवरून क्षेत्र उलट दिशेने सरकू लागलं, प्रवाह उलटला, बल उलटलं. ना स्विच पाडला, ना जोडणी बदलली, ना वेगळा जनरेटर लागला. तीच मोटार त्याच क्षणी जनरेटर झाली. कासरा धरून पुढे चालणारा माणूस बैलाला ओढतो, उतारावर बैल पुढे निघाला की बैलच माणसाला ओढतो. कासरा तोच असतो.

हे ज्ञान नवं नाही. १९०२ मध्ये इटलीतल्या वाल्टेलिना मार्गावर हंगेरीचे अभियंते कालमान कांडो यांनी अशाच त्रिकला, म्हणजे तीन प्रवाहांच्या, मोटारींवर गाड्या चालवल्या. तीन प्रवाहांसाठी डोक्यावर दोन तारा आणि तिसरा वाहक म्हणून रूळ. उतारावर गाडीचा वेग ठरलेल्या मर्यादेच्या जरासा पुढे गेला की वीज आपोआप तारेत परत जायची. अडचण वेगळीच होती: क्षेत्राचा वेग आवर्तनांना बांधलेला आणि आवर्तनं वीजकेंद्राने ठरवलेली. त्यामुळे गाडीला ठरावीक दोन-चारच वेग मिळत. आवर्तनं गाडीतल्या गाडीत हवी तशी बदलणारी दणकट अर्धवाहक साधनं यायला सत्तरचं दशक उजाडलं. जर्मनीचं क्लास १२० इंजिन १९७९ मध्ये रुळांवर आलं, तेव्हा कुठे मुख्य मार्गांवर या मोटारीचं राज्य सुरू झालं.

परत मिळालेली वीज तारेपर्यंत जाते कशी, हा भाग जरा किचकट आहे. तारेत असतो २५,००० व्होल्टचा एककला प्रवाह, सेकंदाला ५० आवर्तनांचा. एककला वीज एकसारखी येत नाही. तिच्यातली शक्ती सेकंदाला १०० वेळा शून्यावर येऊन पुन्हा चढते. मोटारीला मात्र सलग शक्ती हवी. म्हणून ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरवल्यावर एक कन्व्हर्टर त्या प्रवाहाला एकदिश करतो, मोठे कपॅसिटर मधल्या झोळीसारखे चढउतार पोटात घेतात आणि तिथून इन्व्हर्टर त्रिकला प्रवाह घडवतो. ब्रेक लावताना हीच साखळी उलटी चालते. इन्व्हर्टर कपॅसिटर भरतो आणि कन्व्हर्टरला तारेतल्या व्होल्टेजच्या लयीशी आपला प्रवाह अचूक विरुद्ध कलेत जुळवावा लागतो. असा चारही प्रकारे, म्हणजे व्होल्टेज आणि प्रवाह यांच्या चिन्हांच्या चारही जोड्यांत चालू शकतो म्हणून याला चतुष्पाद (फोर-क्वाड्रंट) कन्व्हर्टर म्हणतात. एवढं जमलं की ती वीज जवळपासची दुसरी गाडी वापरते किंवा ती उपकेंद्रातून देशाच्या ग्रिडमध्ये जाते.

इथे एक खोड मोडून टाकतो. ‘चाकांना जनरेटर जोडा, गाडी स्वतःच्याच विजेवर कायम धावेल’ असे व्हिडिओ दर दोन महिन्यांनी नव्याने फिरत असतात. वर पाहिलं तसं, रोटर वीज देतो तेव्हा बल उलट दिशेने लागतं. दिलेलं प्रत्येक युनिट गाडीच्या वेगातून वजा होतं, वर तारा तापण्यात थोडं वाया जातं. असा व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्याला एवढंच विचारावं, की मग हेच यंत्र गाड्यांत ब्रेक म्हणून का वापरतात?

आता या लाडक्या यंत्राचा लुमोला नेमका किती उपयोग होतो? हिशोब शाळेच्या सूत्राने होतो. २३० टन वस्तुमान आणि सेकंदाला ५५.६ मीटर वेग धरला तर गतिज ऊर्जा येते साधारण १०० युनिटं. सावकाश ब्रेक लावला तर त्यातली साठएक परत मिळतील असं समजू. सगळी नाहीत, कारण पाच डब्यांच्या वीस आसांपैकी मोटारी बाराच आसांवर आहेत. स्टीव्हनेज, न्यूकॅसल, मॉर्पेथ आणि शेवटी एडिनबरा असे चार थांबे धरले तर परत आली सुमारे २४० युनिटं. पूर्ण प्रवासाचा खर्च किती? ताशी २०० ला २५ ते ३० किलोन्यूटन विरोध, यंत्रणेतली गळती, दिवे आणि वातानुकूलन असं सगळं मिळून किलोमीटरला दहा युनिटं धरली, तर सहा हजारांच्या वर. म्हणजे आपल्या सुंदर मोटारीची परतफेड चार टक्के! दर तीन मिनिटांनी थांबणाऱ्या उपनगरी गाडीत हीच गोष्ट बिलाचा मोठा हिस्सा वाचवते. लांब पल्ल्याच्या गाडीची खरी बचत न थांबण्यात आहे.

यात मॉर्पेथची गंमत बघण्यासारखी आहे. स्टेशनाला लागूनच मुख्य मार्गावरचं कुप्रसिद्ध वळण आहे. तिथे मर्यादा ताशी ५० मैल, म्हणजे ८० किलोमीटर. १९६९ मध्ये याच वळणावर भरवेगाने आलेली गाडी रुळांवरून उतरून सहा जण दगावले. २०० वरून ८० वर येताना १०० पैकी ८४ युनिटं आधीच सुटलेली असतात, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. पुढे पूर्ण थांबायचं म्हटलं तर प्रश्न उरतो सोळा युनिटांचा. ऊर्जेच्या भाषेत मॉर्पेथचा थांबा जवळजवळ फुकट आहे.

जाहिरातीतल्या हिरव्या रंगाकडेही जरा डोळे उघडे ठेवून बघावं. वीज कुठून येते यावर सगळं अवलंबून. २०१२ च्या सुमारास ब्रिटनमध्ये एका युनिटमागे ५०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पडत होता. रॅटक्लिफ-ऑन-सोर हे शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झालं आणि त्या वर्षी हा आकडा १५० च्या आत होता. वरची सहा हजार युनिटं चारशेच्या आसपास आसनांत वाटली तर आसनामागे पंधरा युनिटं, म्हणजे सव्वादोन किलो. गाडी अर्धी रिकामी असेल तर साडेचार. याच अंतराला विमानाचं अडीच-तीन टन इंधन जळतं असं धरलं, एक किलो इंधनातून ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड आणि १८० आसनं घेतली, तर आसनामागे पंचेचाळीस-पन्नास किलो. हिशोब ढोबळ आहे, तरी दहापटीचा फरक ढोबळपणात बुडत नाही. फक्त त्याला ‘शून्य’ म्हणू नये. हवा काढलेल्या नळीतून डबे पळवू पाहणाऱ्या हायपरलूपने वर्षानुवर्षं असेच मोठे शब्द वापरून मथळे खाल्ले; त्या क्षेत्रातली सर्वांत गाजलेली कंपनी, हायपरलूप वन, २०२३ च्या अखेरीस बंद झाली. १९९१ ची तार अजून कामावर आहे.

तार मात्र नाजूक आहे. पैसे वाचवायला या मार्गावर बऱ्याच ठिकाणी चारही रुळांवरच्या तारा दोन बाजूंच्या खांबांमध्ये ताणलेल्या आडव्या तारांवरच टांगल्या. वाऱ्याने एका रुळावरची तार गेली की शेजारच्याही लोंबकळतात आणि सगळी वाहतूक ठप्प. शेजारून धावणाऱ्या, याच कुळातल्या क्लास ८०१ गाड्यांत अशा वेळेसाठी एक डिझेल इंजिन असतं. हिताची कंपनीने लुमोसाठी बनवलेल्या क्लास ८०३ मध्ये ते नाही, त्याऐवजी बॅटऱ्या आहेत. त्या गाडी ओढत नाहीत. अडकून पडलेल्या डब्यांत दिवे आणि हवा खेळती ठेवणं, इतकंच त्यांचं काम.

राहिला तिकिटाचा प्रश्न. तो भौतिकशास्त्राने सुटत नाही. लुमो सरकारी अनुदानाशिवाय चालते आणि रूळ वापरण्याचं भाडं रुळांची मालक असलेल्या नेटवर्क रेलला देते. व्यावसायिक विमानांच्या केरोसिनवर ब्रिटनमध्ये इंधनकर नाही. लुमो सुरू झाल्याच्या तिसऱ्याच दिवशी, २७ ऑक्टोबर २०२१ च्या अर्थसंकल्पात, तेव्हाचे अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी देशांतर्गत विमानप्रवासावरचा प्रवासी कर निम्मा करण्याची घोषणा केली. ग्लासगोची हवामान परिषद चार दिवसांवर होती. एप्रिल २०२३ पासून साध्या वर्गासाठी तो १३ वरून साडेसहा पौंडांवर आला.