ग्रुप फुटून राहिला? नवीन रायफलचा विचार करायच्या आधी हे वाचून घ्या

(आमच्या पॉइंट टू-टू, म्हणजे .२२ बोअरच्या रायफलवाल्या ग्राहकांसाठी. ग्रुप म्हणजे पेपरवर पडलेल्या भोकांचा झुबका. शूटरनी वाचा, पालकांनी तर नक्कीच वाचा, कारण खर्च त्यांचाच होतो.)

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. आम्ही रायफल विकत नाही, राऊंडही विकत नाही, ते लायसन्सवाल्या डीलरचं काम. आमच्याकडे जॅकेट, स्लिंग (रायफल हाताला धरून ठेवणारा पट्टा), ग्लव्ह, आयरिस (मागच्या साइटचं लहान-मोठं होणारं छिद्र), क्लीनिंगचं सामान आणि टार्गेट पेपर मिळतात, आणि तुम्ही मारलेले पेपर घेऊन आलात तर बसून ग्रुप वाचून देतो, त्याचे पैसे घेत नाही. त्यामुळे "हे घ्या, ते घ्या" या कागदात कमीच सापडेल.

२०२४ ला पॅरिसमधे कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमधे (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ घेतलं आणि तेव्हापासून आपल्या नागपुरातही एअर रायफलवरून टू-टू कडे वळणारी पोरं दिसायला लागली. बरं वाटतं. पण महिन्या-दोन महिन्यांत तीच पोरं आईवडिलांना घेऊन दुकानात येतात आणि प्रश्न ठरलेला, "दादा, १० मीटरला एवढा बारीक ग्रुप येते, मग ५० ला काहून फुटते? रायफल बदलावी लागन का?"

बहुतेक वेळा नाही लागत. का ते सांगतो, थोडं गणित आहे पण सोपं आहे.

पेपरवर जो ग्रुप दिसतो त्यात दोघांचा पसारा मिसळलेला असतो, एक रायफल आणि राऊंडचा, दुसरा तुमचा स्वतःचा. आणि हे दोन सरळ मिळवायचे नसतात. समजा रायफल-राऊंड मिळून १२ मिमी पसरवतात आणि तुम्ही ३० मिमी, तर एकूण ४२ येत नाही, दोघांचे वर्ग करून मिळवायचे आणि वर्गमूळ काढायचं, ते येतं ३२ च्या आसपास. आता तुम्ही लाखो रुपये घालून ८ मिमी वाली रायफल आणली, तर एकूण किती होईल? ३१. म्हणजे एवढा खर्च करून १ मिमी! उलट तुमचा होल्ड (रायफल स्थिर धरणं) चांगला झालाय, तुम्ही १५ वर आलात, पण राऊंडचा लॉट (फॅक्टरीत एका वेळी बनलेली खेप) बेकार आहे आणि तो एकटाच २५ पसरवतोय, तर एकूण २९ येणार, आणि तिथे नुसता लॉट बदलून १२ वर आणला की ग्रुप १९ वर उतरतो, रायफलला हातही न लावता. म्हणून पहिलं काम, कोणाचा वाटा किती ते वेगळं करा. बाकी सगळं नंतर.

वेगळं कसं करायचं

रायफल सँडबॅगवर किंवा बेंच रेस्टवर नीट टेकवा, पुढे एक बॅग, मागे एक, स्लिंग नको, आणि शांतपणे १० राऊंडचा ग्रुप मारा. असे तीन-चार ग्रुप. मग त्याच दिवशी, त्याच लॉटनं, स्लिंग लावून प्रोनमधे, म्हणजे पोटावर झोपून, तेवढेच ग्रुप मारा. दोन्ही पेपर शेजारी ठेवले की निम्मी भांडणं तिथेच मिटतात. रेस्टवर १५ आणि प्रोनमधे ३५ येत असेल तर रायफलचं नाव काढायचं नाही. रेस्टवरच ३० येत असेल तर पोराला रागवायचं नाही, राऊंड आणि स्क्रू बघायचे.

१० चाच ग्रुप का म्हणतोय? पाच राऊंडचा ग्रुप नेहमी सुंदर दिसतो आणि मोबाईलवर फोटो टाकायला बरा पडतो, पण तो फसवतो. सगळं सेम ठेवून १० चा ग्रुप पाचच्या ग्रुपपेक्षा सरासरी पाव पट मोठा येतोच, यात कोणाची चूक नसते, राऊंड जास्त म्हणजे एखादा लांब जायचा चान्स जास्त. तीन राऊंडवरून तर काहीच ठरवू नका. आणि जो एक बाहेर गेला तो "फ्लायर होता, सोडून द्या" असं म्हणून पुसायचा नाही, तुम्हाला ट्रिगर दाबतानाच कळलं असेल की गेला, तरच सोडा, नाहीतर मोजा.

मोजायचं असं, सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत अंतर घ्या आणि त्यातून गोळीचा व्यास म्हणजे ५.६ मिमी वजा करा, हे झालं सेंटर टू सेंटर. कागद फाटून भोक जरा लहान दिसतं, म्हणून भोकाभोवती जी करडी रिंग उमटते तिच्या कडेपासून मोजा.

किती यायला हवा? ५० मीटरच्या टार्गेटवर १० ची रिंग १०.४ मिमी आहे आणि गोळीची कड टेकली तरी १० मिळतो, म्हणजे गोळीचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिमीच्या आत पाहिजे. थोडक्यात तुमचा ग्रुप १६ मिमीच्या गोलात बसला आणि बरोबर मधे आला तर सगळे दहाच. डेसिमलमधे, म्हणजे गुण दशांशात मोजले तर, प्रत्येक ०.८ मिमीला ०.१ जातो. म्हणून रेस्टवर १६ च्या आत देणारी रायफल-राऊंडची जोडी असेल तर डिस्ट्रिक्ट-स्टेट लेव्हलच्या पोराला तिच्यावर तक्रार करायचं काही कारण नाही, आमचं तर स्पष्ट मत आहे.

लॉट, लॉट, लॉट

ही गोष्ट एअर रायफलवरून आलेल्यांना लवकर पटत नाही. टू-टू मधे बारूद पेटवायचा मसाला केसच्या तळाशी, कडेच्या घडीत फिरवून भरलेला असतो, तिथे पिन ठोकली की पेटतो. तो सगळीकडे सारखा बसला नाही की प्रत्येक राऊंडचा वेग थोडा थोडा बदलतो. आणि हे राऊंड घरी परत भरता येत नाहीत, जे फॅक्टरीनं दिलं ते दिलं. वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडला तर ५० मीटरवर गोळी साधारण ७ मिमी वर-खाली लागते, म्हणजे जवळपास एक रिंग. नेम परफेक्ट असूनही!

मजा अशी की बॅरल बॅरलची आवड वेगळी असते. तुमच्या मित्राच्या अँशुट्झ रायफलला जो एली कंपनीच्या राऊंडचा लॉट सोन्यासारखा चालला तो तुमच्या वॉल्थरला चालेलच असं नाही, आणि दोन अगदी सेम मॉडेलच्या रायफलींनाही वेगवेगळे लॉट आवडू शकतात. म्हणूनच एलीचं बर्मिंगहॅमला आणि लापुआचं जर्मनीत श्योनेबेकला टेस्ट सेंटर आहे, तिथे रायफल पक्की बांधून एकेक लॉट मारून बघतात आणि जो आवडला तो तिथूनच घेतात. आपल्याला तेवढं जमत नाही, क्लबला जे राऊंड मिळाले ते वापरायचे, मान्य आहे. पण क्लबमधेही दोन-तीन लॉट असतातच की! प्रत्येकातून एकेक डब्बा घेऊन रेस्टवर मारून बघा. बघताना एक लक्षात ठेवा, ब्रँड बदलला की पहिले १५-२० राऊंड मोजायचे नाहीत, गोळीवरचं मेण प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं आणि नवीन मेणाचा थर बॅरलमधे बसेपर्यंत ग्रुप उगाच फिरतो. कित्येक चांगले लॉट या घाईत नापास झालेत.

महाग म्हणजे चांगला असंही धरून चालू नका. साधारणपणे टेनेक्स, आर-५०, एक्स-अॅक्ट या महागड्या राऊंडमधे लॉटगणिक फरक कमी असतो, पैसे त्याचेच असतात, पण तुमच्या बॅरलला आवडलेला स्वस्तातल्या एसके स्टँडर्ड प्लसचा लॉट न आवडलेल्या टेनेक्सला मागे टाकू शकतो. आणि एकदा लॉट सापडला की तोच जितका मिळेल तितका घेऊन ठेवा, दोन-चार जणांनी मिळून क्लबमार्फत सांगा. डब्यात ५०, विटेत ५००, पेटीत ५०००, नंबर डब्यावर छापलेला असतो. प्रत्येक टार्गेट पेपरच्या कोपऱ्यात हा नंबर लिहायची सवय लावा, हे काम फुकट आहे.

हाय व्हेलॉसिटी राऊंड टार्गेटसाठी नकोच. मॅचचे राऊंड साधारण ३२५ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास, आवाजाच्या वेगाखाली ठेवलेले असतात. आवाजाच्या वर सुटलेली गोळी वाटेत त्या वेगातून खाली येते तेव्हा हवा तिला जास्त अडवते आणि वाऱ्यातही ती जास्त वाहते. फास्ट गोळी वाऱ्यात कमी वाहील असं वाटतं, टू-टू मधे उलटं आहे.

पेपर काय बोलतो

ग्रुप उभा लांबट आला तर श्वास आणि कोपर बघा. खालचा कोपर मॅटवर घसरतोय का, स्लिंग हातावरून उतरतेय का, प्रत्येक शॉटला श्वास एकाच ठिकाणी थांबतोय का. रेस्टवरही उभाच येत असेल तर तो राऊंडचा वेग, वर सांगितलं ते.

आडवा आला तर वारा, किंवा नॅचरल पॉइंट ऑफ एम चुकलाय. म्हणजे असं, पोझिशन घ्या, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. साइट जिथे गेली तिकडे तुमचं शरीर बघतंय, आणि तुम्ही हातानं ओढून ती मधे आणत होता. ओढू नका, कंबर किंवा डावा कोपर सरकवा. हे करायला अर्धा मिनिट लागतं आणि तरी कोणी करत नाही!

तिरपा येत असेल तर रायफल झुकतेय का बघा. प्रोनमधे ५ अंश झुकली तर ५० मीटरवर गोळी सुमारे १ सेंमी बाजूला जाते. झुकवणं गुन्हा नाही, बरेच चांगले शूटर थोडी झुकवूनच मारतात, फक्त दरवेळी तेवढीच झुकली पाहिजे.

आणि पेपरवर दोन वेगळे छोटे ग्रुप आले, म्हणजे इथे पाच तिथे पाच, तर आधी पाना काढा. अॅक्शनचे स्क्रू, साइटचे स्क्रू, फोरसाइट टनेल (पुढच्या साइटची नळी), काहीतरी ढिलं असतं. अॅक्शनचे स्क्रू अंदाजानं पिळायचे नाहीत, टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानंच पिळणारा) घ्या आणि मॅन्युअलमधे दिलाय तेवढाच टॉर्क. सगळं घट्ट असेल तर मग मधे उठून परत झोपलात तेव्हा पोझिशन बदलली.

फोरसाइटची रिंग फार बारीक लावायचा मोह पोरांना होतो, वाटतं की नेम बारीक होईल. होतं असं की काळ्या गोलाभोवती पांढरं दिसतच नाही, डोळा भांडत बसतो आणि ट्रिगरला उशीर होतो. एक साइझ मोठी लावून बघा. बदलती रिंग हवी असेल तर आमच्याकडे आहे, पण आधी मित्राची मागून बघा.

आपला नागपूरचा ऊन-वारा

बाहेरची पुस्तकं वाचून यातलं कळत नाही. मार्च लागला की सकाळी नऊ-साडेनऊनंतर रेंजवर जमीन तापते आणि टार्गेट पाण्यात बघितल्यासारखं हलायला लागतं. ही मिराज वाऱ्याबरोबर वाहते आणि काळा गोल आहे त्यापेक्षा वाऱ्याच्या दिशेला सरकलेला दाखवते. वारा गोळीलाही तिकडेच नेतो. म्हणजे चूक दुप्पट. साधा हिशोब ठेवा, आडवा वारा ताशी १५ किमी असेल तर ५० मीटरवर गोळी दोन-अडीच सेंमी वाहते, म्हणजे दहाचा थेट आठ. झाडाची पानं हलताहेत एवढ्या वाऱ्यातही एक रिंग जाऊ शकते. त्यामुळे लॉट टेस्ट करायची असेल तर सकाळी लवकर, वारा पडलेला असताना करा, आणि मग निवांत तर्री पोहे खायला जा. दुपारी केलेली टेस्ट ही लॉटची नसते, वाऱ्याची असते.

तापलेल्या बॅरलवरूनही हवा लहरते, त्यासाठी बॅरलवर मिराज बँड लावा, स्वस्त असतो. राऊंड सावलीत ठेवा, उन्हात ठेवलेला डब्बा गोळीवरचं मेण मऊ करतो, ते बोटाला, मॅटला, चेंबरला (राऊंड बसतो ती जागा) लागतं, शिवाय गरम बारूद जास्त वेग देतो, मग पहिला डब्बा आणि तिसरा डब्बा वेगळ्या उंचीवर लागतात. मे महिन्यात, त्यातही नवतपात, बंद गाडीत राऊंड आणि रायफल तर अजिबातच नाही, ग्रुपसाठीही नाही आणि कायद्यासाठीही नाही. डिसेंबरच्या थंडीत १० डिग्रीला साइट लावली असेल तर उन्हाळ्यात ती तशीच राहील अशी अपेक्षा ठेवू नका, सायटरमधे (मॅचआधीचे न मोजले जाणारे शॉट) बघून साइटचे क्लिक फिरवा.

क्लीनिंगबद्दल थोडंसंच. रॉड नेहमी चेंबरकडून, बोअर गाइड (रॉड सरळ ठेवणारी नळी) लावून, तोंडाकडून कधीच नाही कारण क्राउन (बॅरलच्या तोंडाची कड) घासला की ग्रुप गेला. चेंबरच्या पुढे कार्बनची कडक रिंग धरते ती मधूनमधून काढायला हवी. पण रोज घासूनपुसून चकाचक करायची गरज नाही, साफ केल्यावर परत १०-१५ राऊंड जाईपर्यंत बॅरल सेट होत नाही, मॅचच्या आदल्या रात्री तर नकोच. ट्रिगर आणि बोल्ट उघडायचं काम लायसन्सवाल्या आर्मररचं, यूट्यूब बघून करू नका, आणि रिकामी रायफल ठोकत प्रॅक्टिस करायची असेल तर ड्राय फायरची सोय किंवा स्नॅप कॅप (खोटा राऊंड) वापरा, काही टू-टू मधे पिन सरळ चेंबरच्या कडेवर आपटते.

ग्रुप वाचून घ्यायला येताना

रायफल आणू नका, राऊंडही आणू नका, आम्हाला फक्त कागद पाहिजे. रेस्टचे तीन पेपर आणि प्रोनचे तीन, सगळे १० राऊंडचे, कोपऱ्यात तारीख, वेळ, लॉट नंबर आणि वारा कुठून होता ते लिहून. चांगले निवडून आणू नका, जसे मारले तसे आणा. जॅकेट किंवा स्लिंग बघायची असेल तर शूटर स्वतः पाहिजे, आत जो टी-शर्ट घालून शूट करता तोच घालून, वडिलांच्या अंगावर माप घेऊन पोराचं जॅकेट होत नाही. वाढत्या वयाच्या पोरांना शक्यतो जुनं चांगलं जॅकेट आम्हीच शोधून देतो, नवीन शिवून वर्षभरात आखूड करण्यात अर्थ नाही.

एप्रिल ते जून दुकान सकाळी ८ ते १२ आणि संध्याकाळी ५ ते ९, दुपारी शटर खाली असते. पेपर बघायला शनिवारची संध्याकाळ सोडून कधीही या, शनिवारी गर्दी असते आणि मग दहा मिनिटांत उरकावं लागतं.