उलट्या माणसाला द्राक्षं गोड लागतील का?

२० मे २०२५ला डॉ. जयंत नारळीकर गेले. आठवड्याभरात मी आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून त्यांच्या कथांचं पुस्तक आणलं, आणि मग वर्षभर विज्ञानकथांखेरीज फारसं काही वाचलंच नाही. २०२१ साली नाशिकला भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, पण प्रकृतीमुळे येऊ शकले नव्हते. त्यांना पाहायचं राहून गेलं. निदान कथा तरी नीट वाचाव्यात, असं मनात होतं. नीट म्हणजे शेजारी वही-पेन्सिल घेऊन.

वही लागतेच. विज्ञानकथेत लेखक एखादी गोष्ट गृहीत धरायला सांगतो. ती एकदा मान्य केली, की पुढचं गणित आपण स्वतः करून पाहू शकतो. ज्यूल व्हर्नने १८६५ साली ९०० फुटी तोफेतून माणसं चंद्राकडे धाडली. पृथ्वीची ओढ तोडायला सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेग हवा. तो ९०० फुटांत, म्हणजे सेकंदाच्या जेमतेम विसाव्या भागात गाठायचा, तर ६० किलोच्या माणसाचं वजन तेवढ्यापुरतं साडेतेराशे टन भरेल! चंद्र राहिला दूर, तोफेच्या तोंडापर्यंतही कुणी जिवंत पोचणार नाही. व्हर्नची तोफ फ्लोरिडात होती आणि १९६९ साली अपोलो ११ तिथूनच उडालं, याचं लोकांना फार कौतुक असतं. मला त्या योगायोगापेक्षा हा भागाकार कितीतरी मोलाचा वाटला.

पण वर्षभर डोक्यातून गेली नाही ती नारळीकरांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’. मोबियसच्या पट्टीची कल्पना घेऊन रचलेली ही कथा. भाचीला घेऊन मी बटर पेपरची पट्टी कापली, एका टोकाला अर्धा पीळ दिला आणि टोकं चिकटवली. तिने पट्टीवर डाव्या पायाची चप्पल काढली आणि पुढे पुढे तशीच काढत गेली. एक फेरी झाल्यावर पेन्सिल पहिल्या चपलेच्या पाठीमागे आली. तिथे काढलेली चप्पल कागदातून समोरून पाहिली, तर ती उजव्या पायाची! आपल्याला असं उलटायचं असेल, तर लांबी, रुंदी, उंचीखेरीज आणखी एक मिती हवी. ती आहे, एवढं कथेपुरतं धरायचं.

आता हिशोब. असा पुरता उलटलेला माणूस जेवेल काय?

हृदय उजवीकडे असलेली माणसं जगात आहेत आणि ती आपल्यासारखीच जेवतात, कारण त्यांचे रेणू उलटलेले नसतात. आपल्या कथेतल्या माणसाचे रेणूही उलटलेले असणार. चपलेसारखी बऱ्याच रेणूंचीही डावी-उजवी रूपं असतात. आपली प्रथिनं ‘डाव्या’ अमायनो आम्लांची, शर्करा ‘उजव्या’. पचवणारी एन्झाइम त्याच साच्याची; त्याची मात्र उलट्या साच्याची. उजव्या पायाचा बूट डाव्या पायात जावा तशीच गत. स्वयंपाकघरातही याचा पुरावा सापडतो. पुदिन्याला वास देणारा कार्व्होन हा रेणू आणि बाळंतशेपेतला कार्व्होन ही एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं आहेत. नाकाला मात्र दोन्ही अगदी वेगळी लागतात.

हे गुपित उघडलं द्राक्षांनी, म्हणून नाशिककर म्हणून मला त्याचं जास्तच अप्रूप. वाइनच्या पिंपात तळाला साका जमतो, त्यातून टार्टारिक आम्ल मिळतं. त्याच्याच एका भावंडाच्या क्षाराचे स्फटिक १८४८ साली, पंचविशीतल्या लुई पाश्चरने सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने एकेक करून निवडले, उजवे वेगळे, डावे वेगळे. एका ढिगाचं द्रावण ध्रुवित, म्हणजे एकाच पातळीत कंप पावणाऱ्या, प्रकाशाची ती पातळी उजवीकडे फिरवत होतं, दुसऱ्याचं डावीकडे. अशा समसमान मिश्रणाला रसायनशास्त्रात आजही ‘रेसेमिक’ म्हणतात, आणि तो शब्द आलाय द्राक्षघडाच्या लॅटिन नावावरून. ग्लुकोजला तर मराठीत द्राक्षशर्कराच म्हणतात. तिचा उलटा रेणू आपल्या जिभेला गोडच लागतो, पण शरीराला त्याचा उपयोग नाही. म्हणजे उलट्या माणसाने निफाडचा अख्खा घड खाल्ला, तर तो गोड लागेल, अंगी मात्र लागणार नाही.

तो उपाशी मरेल, असं लिहून मी ते पान संपवलं होतं.

मग डिसेंबर २०२४मधला एक इशारा वाचनात आला. ३८ शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ नियतकालिकात लिहिलं होतं, की आरशातले, म्हणजे सगळे रेणू उलटे असलेले, जिवाणू प्रयोगशाळेत बनवायच्या वाटेला जाऊ नका. आपली रोगप्रतिकारशक्ती जंतूंना त्यांच्या रेणूंच्या आकारावरून ओळखते. उलटे जंतू तिच्या नजरेतून सुटतील. अन्नाशिवाय ते आपसूक मरतील म्हणावं, तर तसंही नाही. ग्लिसरॉलसारख्या काही रेणूंना डावं-उजवं नसतंच, त्यावर ते तग धरू शकतील.

मी पान पुन्हा उघडलं. स्निग्ध पदार्थ म्हणजे ग्लिसरॉल आणि मेदाम्लं, आणि साध्या मेदाम्लांनाही डावं-उजवं नसतं. म्हणजे भाकरी नाही, पण भाकरीवरचं तूप त्याला पचेल. पाणी आणि मीठही चालेल. प्रथिनांवाचून किती दिवस निघतील, ते अजून मांडतेय.