डोंबारी (पक्षी)
डोंबारी हा चंडोलाच्या कुळातला माळावरचा पक्षी, चिमणीपेक्षाही जरा लहान, जेमतेम १२-१३ सेंटीमीटर. काळ्या पोटाचा चंडोल असंही म्हणतात. शास्त्रीय नाव एरेमॉप्टेरिक्स ग्रिसियस, त्यात एरेमॉप्टेरिक्स म्हणजे वाळवंटातला पंख आणि ग्रिसियस म्हणजे राखाडी. आता मराठवाडा काही वाळवंट नाही, पण आष्टी, पाटोदा, भूम, परांड्याकडचा मुरमाड माळ, कमी पाऊस, खुरटं कुसळी गवत, एवढ्यावर याचं भागतं. खऱ्या वाळवंटात, थर आणि कच्छकडं, याचा काळ्या डोक्याचा भाऊबंद राहतो, तो तिकडून पार सहारापर्यंत आहे. आपला डोंबारी मात्र भारतीय उपखंड सोडून कुठंच नाही.

नराचं डोकं आणि पाठ राखी, गाल पांढरट, डोळ्यातून काळी पट्टी आणि हनुवटीपासून पोटापर्यंत सगळा काळा. बहुतेक पक्षी खालून फिकट असतात, हा उलटा. चाहूल लागली की उडायच्या ऐवजी जमिनीला चिकटून बसतो, मग वरून नुसती मातीच दिसते, अगदी जवळ जाईपर्यंत पत्ता लागत नाही. मादी मातकट, चिमणीच वाटते, त्यामुळं जोडी समोर असली तरी लोक एकच पक्षी मोजतात.

नाव पडलं ते नराच्या कसरतीवरून. पंख फडफडवत सरळ वर चढतो, साधारण ३० मीटर, मग पंख मिटून दगडासारखा खाली येतो, मधेच सावरून परत थोडा वर, परत खाली, आणि त्यातच एक लांब शीळ. उन्हात डोळ्यावर हात धरून बघत बसावं असं आहे हे!

घरटं जमिनीवरच, ढेकळाच्या किंवा गवताच्या बुंध्याच्या आडोशाला, कधी जनावराच्या खुरानं पडलेल्या खळग्यात. आत गवत, केस, आणि कडेनं बारीक खडे मांडलेले. अंडी २-३, नर-मादी दोघंही उबवतात, १३-१४ दिवसांत पिल्लं. खाणं गवताचं बी आणि किडे.

अजून तरी हा धोक्यातला पक्षी नाही, सगळीकडं दिसतो. पण माळ म्हणजे पडीक जमीन असं समजून तिथं झाडं लावायचे खड्डे घेतले जातात ते मला पटत नाही, कारण याला झाड नकोच असतं, उघडी जमीन लागते, आणि घरटं असलेल्या जागेवर कुळवाची एक पाळी घातली की खडे, अंडी सगळं मातीखाली जातं.