फोंड्याच्या घरातून टॉरला हातभार

टॉर म्हणजे ओळख लपवून इंटरनेट वापरण्याचं जाळं. टॉर ब्राउझरमधली विनंती एकामागोमाग तीन संगणकांतून जाते. पहिल्याला पाठवणारा ठाऊक, तिसऱ्याला संकेतस्थळ. दोन्ही टोकं कुणा एकाला कळत नाहीत. हे संगणक म्हणजे रिले, आणि ते चालवतात जगभरचे स्वयंसेवक. सॉफ्टवेअरचं काम टॉर प्रोजेक्ट ही ना-नफा संस्था २००६पासून सांभाळते.

गोव्यातल्या फोंड्यात, डिचोलीत घरच्या फायबरवर रिले चालेल? आधी राउटरमध्ये वॅन आयपी, म्हणजे इंटरनेट कंपनीने दिलेला पत्ता, पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, तर एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे. बाहेरून कुणी आत पोचू शकत नाही, म्हणजे रिले नाही. नुसता आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा पत्ताही पुरत नाही. जुन्या पद्धतीचा सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता कंपनीकडून मागून घ्यावा लागतो.

खरी मेख डेटात आहे. रिलेला दोन्ही दिशांनी किमान १० एमबीपीएस हवेत. तेवढा वेग महिनाभर अखंड वापरला गेला तर एका दिशेने ३,२४० जीबी, येणंजाणं मिळून साडेसहा टीबी! घरगुती प्लॅनची मर्यादा बहुधा ३,३०० जीबीच्या आसपास असते. टॉरच्या सेटिंगमधलं 'अकाउंटिंगमॅक्स', म्हणजे डेटाचा कोटा, १,००० जीबी ठेवलं तरी टॉर दोन्ही दिशा वेगळ्या मोजतो, म्हणून २,००० जीबी जाऊ शकतात. बेरीज हवी तर 'अकाउंटिंगरूल सम' लिहा. कोटा संपला की रिले झोपतो.

पावसाळ्यात वीज गेली की रिले चालवणाऱ्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचं मेमरी कार्ड बिघडू शकतं. पाय ४मध्ये घड्याळाची बॅटरी नाही. चुकीच्या वेळेवर टॉर अडतो. पाय, राउटर आणि फायबरचा डबा, तिन्ही इन्व्हर्टरवर हवेत. 'व्हार-लिब-टॉर'मधल्या 'कीज' फोल्डरची, म्हणजे रिलेची ओळख ठरवणाऱ्या किल्ल्यांची, प्रत काढून ठेवा. किल्ल्या गेल्या तर रिले नेटवर्कसाठी नवखा ठरतो, आणि नवख्याकडे पहिले काही दिवस फारशी रहदारी येत नाही.

तिसरा, म्हणजे एक्झिट रिले घरी नकोच: संकेतस्थळाला तुमचाच पत्ता दिसतो, तक्रारी तुमच्याच दारी. मधल्या रिलेचे पत्तेही जाहीर यादीत असतात, आणि काही संकेतस्थळं ती अख्खी यादी अडवतात. मग घरातल्यांचं बँकेचं पान उघडेनासं होऊ शकतं.

म्हणून बहुतेक घरांना आम्ही स्नोफ्लेक सुचवू. जिथे टॉर बंद आहे तिथल्या माणसाला तुमचा संगणक टॉरच्या पुलापर्यंत (ब्रिज, म्हणजे टॉरमध्ये शिरायचं दार) पोचवतो. सार्वजनिक आयपी लागत नाही. ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन ब्राउझर उघडा असेपर्यंतच चालतं. पायवर डेबियन या लिनक्स प्रणालीचं 'स्नोफ्लेक-प्रॉक्सी' पॅकेज टाका, ते अखंड चालेल. लॉगमध्ये नॅट (राउटरची पत्ते वाटून देण्याची पद्धत) 'रिस्ट्रिक्टेड' दिसलं तर कमी लोकांशी जोडणी जमेल, पण जमेल.